हौदातली लाकडी बदकं

बाबांची शिकार कायद्याने केव्हाच बंद झाली होती. पाखरांना भुलवायची त्यांची लाकडी बदकं तेवढी उरली होती. देवळालीच्या घरी ती हौदात सरळ तरंगावीत, एवढीच त्यांची म्हातारपणची हौस. मी प्रत्येकाच्या पोटाखाली मधोमध, तोलून शिसं ठोकलं, तरी ती कलंडायचीच.

एकदा पत्ता विचारायला आलेला एक गृहस्थ बाह्या सरसावून हौदाशी बसला. बदक ज्या बाजूला कलंडे, त्याच्या उलट बाजूला त्याने शिसं सरकवलं. बदक ताठ तरंगलं.

"वजन तुमच्या मुलाने अचूक घेतलंय," तो म्हणाला.

"तो नुसतं वजनच करतो. तुम्ही येत जा हो," बाबा म्हणाले.

त्यानंतर बाबा फाटकाकडे तोंड करून बसू लागले.

"आजही नाही आला," ते म्हणायचे. मला बरं वाटायचं.