आखणी चालू असताना
परवा कपाट आवरताना कॉम्प्युटरच्या रॅमची जुनी हिरवी पट्टी हाताला लागली आणि ती दुपार आठवली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेणला आमचा गणपतींचा कारखाना होता आणि मागच्या खोलीत माझा जुनाट कॉम्प्युटर. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम अडकत अडकत चालायचा. नवी रॅम परवडत नव्हती, म्हणून रोह्याच्या आतेभावाने मोडीत निघालेल्या मशीनमधली काढून आणली होती. "दाबून बसव, काय होत नाय," एवढंच सांगून तो गेला. त्या दुपारी पुढच्या खोलीत बाबा मूर्तीचे डोळे आखत होते. आखणी चालू असली की आमच्याकडे पंखासुद्धा बंद असायचा आणि कारागीर खोकायलाही अंगणात जायचे. मी श्वास रोखून पट्टी बसवली, बटण दाबलं, आणि त्या शांततेत कॉम्प्युटरमधून कर्कश पीऽऽप, पीऽऽप सुरू झालं; पट्टी नीट बसली नव्हती. बाबांचा हात हलला असणार, डोळा बिघडला असणार! बटण समोर होतं, पण बोट उचलेना. तेवढ्यात पडदा सरकवून बाबा धावत आले. चेहरा पांढराफटक, हातात काळ्या रंगाचा ब्रश तसाच. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "शॉक लागला काय गो तुला?" त्यांच्यामागे तो गणपती दिसत होता, एक डोळा पूर्ण आणि दुसरा कोरा. अर्धी आखणी टाकून उठलेले बाबा मी आजवर तेवढेच एकदा पाहिले.