गाडीचा चष्मा

भिंगकाकांच्या गाडीची पुढची काच फुटली ती काकूंच्या हातून. वरच्या गॅलरीतून कुंडी पडली. पडली, असं काकू म्हणतात. एवढं मोठं अंगण सोडून कुंडीला बरोबर ड्रायव्हरच्या समोरचीच काच कशी सापडली, हे विचारायची काकांची हिंमत झाली नाही, कारण काकू केरसुणी आणि सुपली घेऊनच खाली आल्या होत्या.

काकांचं चष्म्यांचं दुकान. गावातल्या निम्म्या नाकांवर त्यांनीच बसवलेल्या काचा, म्हणून लोकांनी त्यांना भिंगकाका करून टाकलं होतं आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. "काचेतलं मला सांगू नका," हे त्यांचं पालुपद. गाडी त्यांनी लग्नाच्या वर्षी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज करणारी. तसली दुसरी गाडी आता रस्त्यावर दिसत नव्हती. घरात मुलगी काकूंनी वाढवली आणि गाडी काकांनी.

दुःख एकच होतं. काकूंना गाडी लागायची. बसमध्ये नाही, भावाच्या जीपमध्ये नाही, याच गाडीत. पहिल्याच वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "अहो, मला इथून रस्त्यावरचे खांब वाकल्यासारखे दिसतात." काका मनमुराद हसले. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाले. पण बायकोची तक्रार आणि तीही डोळ्यांची, म्हटल्यावर त्यांनी तिला दुकानातल्या खुर्चीवर बसवलं. काकूंनी पाटीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. त्याखाली पाटी छापणाऱ्याचा पत्ता होता, तोही वाचला. काकांनी मान हलवली. "इतकं स्वच्छ दिसतंय, म्हणजे दोष आत खोल आहे," असा निकाल देऊन त्यांनी बारीकशा तिरक्या नंबरचा एक चष्मा बनवला. त्याचं नाव गाडीचा चष्मा. गाडीत बसलं की घालायचा.

तो घातल्यावर काकूंना जास्तच मळमळायला लागलं. काका म्हणाले, "सवय व्हावी लागते." सवय व्हायची वाट बघण्यात काकूंचं निम्मं आयुष्य गेलं. शेवटी त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. धाकट्या बहिणीकडे जायचं तर त्या बसने जात आणि काका रविवारी एकटेच फेरी मारून येत. शेजारची सीट रिकामी असली की त्यांना करमत नसे, पण तसं बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आल्या-गेल्याला ते एवढंच सांगत, "हिच्या डोळ्यांतला दोष मी घरच्या घरी पकडला. दुसऱ्या कुणाला सापडला नसता." हे मात्र अगदी खरं होतं.

कुंडीचे तुकडे गोळा करता करता काकूंनी अट घातली. "काच बसवून आणा. मी एकदा बसेन, बहिणीच्या घरापर्यंत. पुन्हा मळमळलं तर गाडी विकायची. मला इथे अर्धं अंगण अडवून बसलेली नकोय." काकू एकदा बोलल्या की काळ्या दगडावरची रेघ, हे काकांना ठाऊक होतं.

शोध सुरू झाला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये टाय लावलेल्या मुलाने गाडीचं नाव कॉम्प्युटरला विचारलं आणि कॉम्प्युटरने अशी गाडी जगात नसल्याचं कळवलं. "पण बाहेर उभी आहे ना," काका म्हणाले. मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये नाहीये." खिडक्यांना काचा लावणाऱ्याने मात्र लगेच टेप काढला. "बाक जमणार नाही, पण दोन सरळ तुकडे लावून मधे पट्टी मारू. माशांच्या टाकीला मारतो तशीच. पाणी गळणार नाही, गॅरंटी." पाणी गाडीच्या आत भरायचं नसून बाहेर ठेवायचं असतं, एवढं सांगून काका निघाले. मग ते जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी आपल्या चार गाड्या चादरी वर करकरून दाखवल्या.

"काच फुटली? म्हणजे तुम्ही गाडी बाहेर काढता?" त्यांनी दचकून विचारलं.

"गाडी आहे. बाहेर काढणारच."

अध्यक्षांना या माणसाची कीव आली. ते म्हणाले, "एक जण आहे. दोरीवाला म्हणतात. जुन्या गाड्यांच्या काचा रबरात बसवाव्यात तर त्यानेच. पण लहरी आहे हो." आणि त्यांनी पत्ता दिला.

पत्ता वाचून काका तिथेच बसले. ती शेड त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून होती. तिथल्या ठोकाठोकीवर वैतागून काका कित्येक वर्षं भिंतीवर काठी आपटत आले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

दोरीवाला कानांवर मफलर गुंडाळून काचांच्या फळीपाशी बसला होता. काकांना बघून तो उठला नाही. "या. मला वाटलं, आज काठी घेऊनच आलात."

काकांनी आवाज खाली घेऊन सगळी हकिगत सांगितली. दोरीवाल्याने भरपूर भाव खाल्ला. मी पावसाळी हवेत काम करत नाही, कुणाच्या घाईवर करत नाही, मधे सल्ला दिला की हत्यारं खाली ठेवतो, असं सगळं ऐकवून झाल्यावर तो म्हणाला, "चला. गाडी मी आणतो. फुटकी काच घेऊन तुम्ही आणलीत तर मला गाडीबरोबर तुम्हालाही दुरुस्त करावं लागेल."

ड्रायव्हरच्या समोर तर नुसतं कोळ्याचं जाळं झालेलं. दोरीवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवणार आणि काकांनी शेजारच्या सीटवर बसून चांगल्या अर्ध्या काचेतून पुढचा रस्ता सांगायचा, असं ठरलं. काका जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर बसले.

"डावीकडे घ्या, खांब आलाय!" कोपऱ्यावरच काका ओरडले.

"खांब फुटपाथवर आहे, काका."

काकांनी डोळे चोळले. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. प्रत्येक खांब जवळ आला की कंबरेत वाकायचा आणि गाडी पुढे गेली की मागे पुन्हा ताठ उभा राहायचा. दुकानांच्या पाट्या पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या. बाजारपेठ संपेपर्यंत काकांच्या तोंडाला पाणी सुटलं, ते भुकेचं नव्हतं. त्यांनी मान खिडकीबाहेर काढली. बाहेर जग सरळच्या सरळ होतं.

"ही काच गाडीबरोबरची नाही," दोरीवाला चालवता चालवता म्हणाला. "आधीच्या मालकाने स्वस्तातली बसवून घेतलेली दिसते. तुमच्या बाजूला तिच्यात लाट आहे. तिथे बसणाऱ्याला गाडी लागल्याशिवाय राहायची नाही. कोण बसायचं तिथे?"

"कोणी नाही," काका म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

अंगण खरोखरच वाकडं होतं. उभा जन्म काचेत घालवलेल्या माणसाने बायकोचे डोळे तपासले, पण तिच्या डोळ्यांसमोरची काच तपासायचं त्याला सुचलं नाही.

जुन्या गोदामातून दोरीवाल्याने बिनलाटेची काच शोधून काढली. भर उन्हात त्याने रबर मऊ केलं, त्याच्या खाचेत दोरी बसवली आणि काच चौकटीला टेकवून काकांना बाहेरून तळहाताने दाबून धरायला लावली. स्वतः आत बसून तो दोरी हळूहळू ओढू लागला. दोरी जिथून निघेल तिथे रबर चौकटीवर चढत जाई. "जोरात ओढा की," काका एकदा म्हणाले. दोरीवाल्याने दोरी सोडून दिली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत काका काच दाबून उन्हात उभे राहिले. काच बसली ती अशी, की आहे की नाही ते कळू नये.

रविवारी सकाळी काकू गाडीत बसल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तोंडात लवंग, चेहऱ्यावर फाशी जाणाऱ्याचा शांतपणा. पर्स उघडून त्यांनी गाडीचा चष्मा काढला आणि नाकावर ठेवला.

काकांचं लक्ष त्या चष्म्यावर गेलं. काच तर सरळ झाली होती, पण हा तिरका नंबर? आता सरळ जग त्यातून तिरकं दिसणार. गावाबाहेरचा उतार लागला आणि काकूंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. पुढच्या वळणावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

काका मनाशी हिशेब करू लागले. गप्प बसलो तर गाडी जाते, पण इतक्या वर्षांची अब्रू राहते. बोललो तर गाडी राहते. गाडी विकून टाकावी, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून वाटलं. मग त्यांनी शेजारी पाहिलं. काकूंच्या कपाळावर घाम आला होता आणि त्या काही म्हणत नव्हत्या, इतकी वर्षं म्हणाल्या नव्हत्या तशाच. काकांनी गाडी झाडाखाली थांबवली.

"अगं, तो चष्मा काढ."

"का? तुम्हीच दिलाय."

"काढ म्हणतो ना."

काकूंनी चष्मा काढला. काचेतून समोरच्या रस्त्याकडे त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. उतारावर खांबांची रांग दूरपर्यंत गेली होती.

"सरळ आहेत," त्या म्हणाल्या.

"काचेत लाट होती. तुझ्या बाजूला." काकांनी हात स्टिअरिंगवरून खाली घेतले. "डोळ्यांत काही नव्हतं. कधीच नव्हतं."

"मी तेव्हा सांगितलं होतं, खांब वाकतात म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही माझे डोळे तपासलेत."

"हो."

काकू रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ते झालं असतं तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी चष्म्याच्या काड्या नीट मिटल्या, तो काकांच्या शर्टाच्या खिशात ठेवला, वरून खिसा थोपटला. पिशवीची घडी करून पर्समध्ये टाकली आणि सीटवर आरामात मागे टेकून बसल्या.

"गाडी काही विकायला नको. छान आहे," त्या म्हणाल्या. "चला आता. आणि चालवता चालवता आठवा, माझ्यात आणखी काय काय दोष काढलेत ते. एकेक करून बघू."

काकांनी गाडी सुरू केली. मेहुणीचं गाव अजून बरंच लांब होतं.