कोटाच्या खिशातले चिंचोके

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी कोटवाल्या सरांचं नाव घेतो. आईच्या आणि बापूंच्या आधी घेतो, आणि आईलाही त्यात काही वावगं वाटत नाही. उन्हाळ्यात आमच्या शहराच्या रस्त्यांवरचं डांबर पायाला चिकटतं. अशा दिवसांतही हा माणूस, आमच्या कॉलेजचा हॉकी कोच, मैदानाच्या कडेला जाड, तपकिरी कोट घालून उभा असायचा. कॉलेजच्या पोरांनी त्यांना कोटवाले सर हे नाव कधी दिलं ते ठाऊक नाही. मी आलो तेव्हा त्यांचं खरं नाव फक्त नोटीस बोर्डावर उरलं होतं.

कोट थंडीसाठी नव्हता, खिशांसाठी होता. सामना सुरू झाला की सर मूठभर भाजलेले चिंचोके हातात घ्यायचे. समोरच्या संघानं चेंडू आमच्या गोलपुढच्या अर्धवर्तुळात, म्हणजे ‘डी’मध्ये, आणला की कुठल्या बाजूनं आणला ते बघायचे. आमच्या डावीकडून आला तर एक चिंचोका डाव्या खिशात, उजवीकडून आला तर उजव्या. गोल झाला की नाही, याच्याशी चिंचोक्याचा संबंध नसायचा. सामना संपला की दोन्ही खिसे चाचपायचे आणि ज्याच्या बाजूचा खिसा हलका त्याला जवळ बोलवायचे. “आज तुझ्याकडनं कुणी आलंच नाय, मियाँ,” एवढंच म्हणायचे. त्या एका वाक्यासाठी आम्ही ढोरासारखे पळायचो.

मी सिल्लोड तालुक्यातल्या एका गावातला. शाळेत पीटीच्या मास्तरांना हॉकीचा नाद होता म्हणून स्टिक धरता यायची, बाकी काही येत नव्हतं. घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं. संघात निवड झाली तरच खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळणार होती, आणि जागा नसेल तर शहरात राहायची सोय नव्हती. म्हणून चाचणीच्या दिवशी मी सगळं मैदान झोडपलं. समोरच्याच्या पायांत लोळण घेऊन चेंडू काढत होतो. मुरमानं दोन्ही गुडघे सोलले. कडेला बसलेली पोरं टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, जिंकलं.

सर जवळ आले. गुडघ्यांकडे बघून म्हणाले, “किती वेळा पडलास?”

“लई वेळा, सर.”

“म्हणजे लई वेळा चुकलास.”

त्यांनी कोटातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. “चोर घरात शिरला, तू त्याला धरलंस, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बरोबर हाय. पण बेटा, दार कुणी उघडं टाकलं होतं?”

मला घेतलं ते का घेतलं, हे मी पुढं त्यांना विचारलं होतं. म्हणाले, “तुला रडू आलं होतं, पण राग नव्हता आला. रागावणारा बॅक शिकत नाय.”

मग वर्षभर त्यांनी मला लेफ्ट बॅकच्या, म्हणजे डावीकडच्या राखणदाराच्या, जागी उभं राहायला शिकवलं. चेंडूवर झडप घालायची नाही. स्टिक जमिनीला टेकलेली, अंग मैदानाच्या मधल्या बाजूला, आणि येणाऱ्याला हळूहळू कडेकडे न्यायचं. “ती पांढरी रेघ आपला बारावा गडी हाय,” सर सांगायचे. “थकत नाय, पाणी मागत नाय. तिच्याकडं घेऊन जा त्याला.” अशा खेळात बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. फॉरवर्ड येतो, थबकतो, चेंडू मागं देतो. टाळी वाजत नाही. आई एकदा सामना बघायला आली आणि परत जाताना म्हणाली, “तुला खेळू देत न्हाईत का रं? नुसता हुबा व्हतास.” सरांना हे सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. पुढं महिनाभर मला बघितलं की, “नुसता हुबा व्हतास का रं?”

उजव्या बाजूला सुनील खेळायचा, चितेगावचा. त्याला सतत भूक लागायची. एकदा मध्यंतरात सरांनी कोट खुर्चीवर टाकला आणि पंचांशी बोलायला गेले. परत आले तर सुनीलचे गाल हलत होते.

“काय खातोस?”

“चिंचोके, सर. खिशात व्हते.”

“कोणत्या खिशातले?”

“उजव्या.”

सर कपाळावर हात मारून म्हणाले, “या अल्ला! याच्या स्वतःच्या चुका खाल्ल्या यानं!” आणि सुनील शांतपणे, “पचायला जड हायेत, सर.” त्या दिवसापासून त्याच्यासाठी सर वेगळी पुडी आणायचे. ती कोटाच्या आतल्या खिशात असायची.

मी बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलं होतं. सरांनी विचारलं, “त्यात काय शिकवतात?” मी म्हणालो, मोजायला शिकवतात. “काय मोजायचं तेही शिकवतात का?” टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग आम्ही दोघं चहाच्या गाडीवर बसून यावर बोलत राहायचो. एकदा मी धीर करून शंका काढली. “सर, माझा खिसा हलका असतो, पण तो माझ्यामुळंच कशावरनं? समोरच्यांना उजवी बाजूच सोपी वाटत असंल, म्हणून ते माझ्याकडं येतच नसतील.” सर चहा संपवून उठले. पुढच्या सामन्यात त्यांनी आमच्या बाजू बदलल्या. संध्याकाळी दोन्ही खिसे समोर रिकामे केले, तर माझ्या बाजूची नुसती रास. सुनील नाचायला लागला. मला मान वर करता येईना. सरांनी पाठीवर थाप मारली. “स्वतःच्या विरुद्ध शंका काढलीस, मियाँ. माझा हिशेब सुधारला. आता दर चार सामन्यांनी बाजू बदलायच्या.” आज मी ज्या कामावर पोट भरतो त्याची सुरुवात त्या ढिगापासून झाली.

माझ्या शेवटच्या वर्षी सरांच्या नेमणुकीचा प्रश्न आला. ते कायम नव्हते, दरवर्षी कागद नवा व्हायचा. त्या वर्षी कॉलेजच्या कमिटीनं विचारलं, इतक्या वर्षांत कप किती आणले? आम्ही बहुतेक वेळा उपांत्य फेरीपर्यंत जाऊन हरायचो. गोल कमी खायचो, पण करायचोही कमी. आमच्याकडे चांगला फॉरवर्ड टिकत नव्हता. जो तयार व्हायचा त्याला मोठी कॉलेजं उचलून न्यायची. मी जुन्या सामन्यांची माहिती गोळा करून तक्ता बनवला. सर येण्याआधी आमच्यावर किती हल्ले व्हायचे आणि नंतर किती कमी झाले, सगळं त्यात होतं. सरांनी तो उन्हात धरून शेवटपर्यंत वाचला. “सुंदर बनवलास,” म्हणाले. “पण देऊ नकोस. झालेली गोष्ट दाखवता येते, बेटा. न झालेली दाखवायला गेलं की ती तक्रार वाटते.”

मी ऐकलं नाही, दिला. कमिटीतले एक गृहस्थ माझ्याशी फार चांगलं बोलले. त्यांनी तक्ता नीट वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि विचारलं, “पण यात कप कुठं आहे?” मला उत्तर देता आलं नाही. सरांचा कागद नवा झाला नाही.

ते लेकीकडे हैदराबादला निघाले तेव्हा सुनील आणि मी बसस्टँडवर गेलो होतो. सर नुसत्या शर्टात होते. कोट नसलेले सर आम्ही पहिल्यांदा बघत होतो. खांदे केवढे अरुंद होते. सुनीलनं विचारलं, कोट कुठाय? “पेटीत. तिकडं कुणाचं मोजू?” गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात काढला आणि मला खुणेनं सांगितलं, अंग मधल्या बाजूला ठेव. मी बसच्या अगदी जवळ उभा होतो, चाकाखाली येईन म्हणून सांगत असतील. मी मात्र ते तसं घेतलं नाही, अजूनही घेत नाही.

आता मी दूरच्या एका शहरात मुलींच्या हॉकी केंद्रात काम करतो. सामन्यांची चित्रफीत बघून कोण काय करतं याची नोंद ठेवतो. मैदान निळं आहे, कृत्रिम गवताचं, गुळगुळीत, त्यावर गुडघे फुटत नाहीत. संध्याकाळी पाण्याचे फवारे सुरू झाले की मला आमच्या छावणीकडच्या मैदानाची धूळ आठवते. त्या धुळीत कडेला उभं राहून त्यांच्याशी एकदा बोलायचं असतं. सर थकले आहेत. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि डोळ्यांनाही कमी दिसतं. त्यांची लेक आमच्या त्या कॉलेजच्या शहरातच मराठी शाळेत शिकलेली, ती वाचून दाखवेल या भरवशावर मी मागच्या महिन्यात त्यांना पत्र टाकलं. ते असं:

“आदरणीय सर,

सलाम. ताई, हळू वाचा, सर मध्येच थांबवतील.

सर, इथं मुलींची निवड झाली. एका बॅकचं नाव कापायला निघाले होते. म्हणाले, हिच्या नावावर टॅकल कमी, चेंडू हिसकावतच नाही. मी त्यांना ती उभी कुठं राहते तेवढंच दाखवत राहिलो. ती राहिली. पण मी हे सांगायला लिहीत नाही.

त्या कमिटीला मी तक्ता दिला तो अर्धवट होता. मी फक्त मैदान मोजलं होतं. पहिल्या दिवाळीला मी गावी गेलो तो परत न येण्यासाठी, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही एसटीनं आमच्या गावी आलात. खळ्यात बापूंच्या शेजारी बसून मक्याची कणसं सोललीत. माझ्या हुशारीबद्दल एक शब्द बोलला नाहीत. उठताना फक्त विचारलंत, सोमवारी प्रॅक्टिस आहे, हा येणार ना? बापू म्हणाले, येईल. घरात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. सुनील कंपनीत हेल्पर म्हणून लागणार होता, तेव्हा त्याच्याही घरी तुम्ही असेच जाऊन बसला होतात. तो आता शाळेत खेळ शिकवतो. आणखी कुणाकुणाच्या घरी गेला होतात ते तुम्हालाच ठाऊक.

त्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा मला बोलता आलं नव्हतं. आज येतं. कप नव्हता, हे खरं आहे. पण सर, तुमच्या वेळच्या आम्हा पोरांपैकी कुणी शिक्षण सोडून घरी परत गेलं नाही.

तुमचा,
लेफ्ट बॅक”