घसारेसाहेबांची मार्चातली फेरी

घसारेसाहेबांना आयुष्यात सर्वांत जास्त काय आलं असेल, तर शिसारी. नाकाचा शेंडा वर जायचा, डावा डोळा बारीक व्हायचा आणि दातांआडून एक लांबलचक "शीऽऽ" निघायची. खोटं बिल असो, कँटीनचा डागाळलेला कप असो की शेठच्या पुढेपुढे करणारा माणूस, सगळ्यांना तीच. बोईसरच्या कारखान्यांमध्ये नोकरी करून नाक शाबूत ठेवणं सोपं नाही. तिथे नाल्याचं पाणी कधी पिवळं तर कधी लाल, आणि वास असा की पालघरला घरी येऊन अंघोळ केली तरी ओढणीतून जात नाही. बाकीच्यांची नाकं महिन्या-दोन महिन्यांत सरावतात, माझंही सरावलं. साहेबांचं शेवटपर्यंत सरावलं नाही.

रंगांची रसायनं बनवणाऱ्या त्या कारखान्यात ते हिशेब खात्याचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांचं आडनाव वेगळंच. घसारे हे नाव कामगारांनी ठेवलेलं. एखादं यंत्र किती वर्षं चालेल ते ठरवायचं आणि त्याची किंमत तेवढ्या वर्षांत वाटून दरवर्षी खर्चात टाकायची, याला घसारा म्हणतात. साहेबांना हा घसारा कारखान्याच्या फाटकाबाहेरही आवरता येत नसे. माझ्या छत्रीकडे बघून म्हणायचे, "बाय, हिचा हा शेवटचा पावसाळा." शिपायाच्या चपला, स्टेशनसमोरचा नवा रस्ता, कुणाची पुढाऱ्याशी झालेली नवी मैत्री, सगळ्यांचं उरलेलं आयुष्य ते सांगून मोकळे होत. आमच्या मॅनेजरच्या मुलीच्या लग्नात नवरदेव गॉगल लावून घोड्यावरून उतरला, तेव्हा माझ्या कानाशी पुटपुटले, "दोन वर्षं." पोरगी पुढच्या दिवाळीलाच माहेरी परत आली. साहेबांना त्याचं खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "माजा अंदाज जास्तच निघाला."

कंपनीच्या वार्षिक ताळेबंदाला हिशेबाच्या धोरणांची एक लांबलचक टीप जोडलेली असते. ती कुणी वाचत नाही. लिहिणारेही वाचत नाहीत, मागच्या वर्षीची उचलून तशीच चिकटवतात. तिच्यात एक वाक्य असतं, की यंत्रांच्या उपयुक्त आयुष्याचा व्यवस्थापन दरवर्षी आढावा घेते. हे वाक्य खरं मानणारा माणूस मी एकच पाहिला. मार्च उजाडला की साहेब नाकाला रुमाल लावून उठायचे. "ऊठ बाय. आडावा घेतो असं लिवलंय ना आपण? मग घ्यायला नको?"

मग आमची वरात प्लँटमध्ये. लोखंडी जिने, पायाखाली चिकचिक, डोळ्यांत चुरचुर. पहिल्या वर्षी मला तिथेच उलटी झाली. साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि मी तोंड धुऊन होईपर्यंत शांतपणे पाइपांचे सांधे बघत उभे राहिले. इंजिनिअरच्या आधी ते ऑपरेटरला विचारत. तीन नंबरच्या रिॲक्टरवर, म्हणजे रसायनं शिजतात त्या टाकीवर, मिश्राजी होते, ठेकेदाराकडचे, पण तिथे सर्वांत जुने. एका वर्षी ते म्हणाले, "साहब, तीन नंबर रोता है."

"कब से?"

"होली से पहले से. नीचे खड़े रहो तो पैर पे टपकता है."

रडतो म्हणजे सांध्यातून आम्ल झिरपतं. साहेब खाली वाकले, रुमाल नाकावरून काढून त्या सांध्यावर दाबला आणि घडी घालून खिशात टाकला. त्या रिॲक्टरला धोरणाप्रमाणे दहा वर्षं दिली होती आणि त्यातली सात सरली होती. "कागदावर तीन हायत," साहेब म्हणाले, "पण याचं एक वर्ष. तेपण देवाच्या भरवशावर."

म्हातारे शेठ असते तर पुढचं काही घडलं नसतं. ते कुरकुरायचे, "घसारे, आपने फिर मेरा नफा खा लिया," आणि सही करायचे, यंत्र बदलायचे. पण त्या वर्षी सगळं त्यांच्या मुलाच्या हातात आलं होतं. कंपनीत पैसे घालायला मुंबईहून कुणी पार्टी येणार होती आणि तिला नफा गुबगुबीत दिसायला हवा होता. छोट्या शेठनी सोपा उपाय काढला. सगळ्या यंत्रांचं आयुष्य दहावरून वीस करायचं. वर्षं दुप्पट झाली की दरवर्षीचा खर्च खाली येतो, नफा वर जातो. यंत्राला हातही लावावा लागत नाही. त्यासाठी ठाण्याच्या कुठल्याशा इंजिनिअरचा दाखलाही आला. त्या गृहस्थाने बोईसर स्टेशनसुद्धा पाहिलं नसावं.

मीटिंगला मी साहेबांच्या शेजारी बसले होते. साहेब म्हणाले, "बाकीच्या यंत्रांचं मागाहून बोलू. तीन नंबर वीस वर्षं जगणार नाय. त्याच्याखाली माणूस उभा असतो."

छोटे शेठ हसले. "अहो, पेपरवरच तर आहे सगळं."

"पेपरवर वीस लिहिलं, तर नवा घ्यायला पैसे देणार हाय का तुमी? म्हणाल, अजून तेरा वर्षं हायत."

शेठनी तो दाखला पुढे सरकवला. तेव्हा साहेबांनी खिशातून तो रुमाल काढला आणि काचेच्या टेबलावर उलगडला. मधोमध पिवळट तपकिरी डाग, जिथे डाग तिथे कापड विरून जाळी झालेली, आणि वास. छोटे शेठ खुर्चीसकट मागे सरकले. "छी! उचला ते!"

"तुमाला हा रुमाल बघून शिसारी येते," साहेब म्हणाले, "मला तो दाखला बघून येते." ताळेबंद दुसऱ्याकडून करून घ्या, असं सांगून ते उठले.

साहेबांना अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झालेली होती, दरवर्षी मुदत वाढवून मिळत असे. त्या वर्षी वाढवली नाही. गळक्या रिॲक्टरला दहा वर्षांची मुदतवाढ आणि धडधाकट माणसाला निरोपाचा पेढा! निरोप समारंभात छोट्या शेठनी "आमचे वडिलांसारखे" वगैरे भाषण ठोकलं, तेव्हा मला त्यांच्या तोंडावर पेढा फेकावासा वाटला. साहेबांना सोनेरी मुलाम्याचं घड्याळ दिलं. ते त्यांनी कानाशी धरलं, नाक वर गेलं, आणि मला म्हणाले, "सहा महिने."

दोन वर्षांनी तीन नंबरचा खालचा सांधा सुटला. मिश्राजी खालीच होते. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. एक पाऊल कापावं लागलं. ठेकेदाराने हातावर काहीतरी टेकवलं आणि त्यांना गावाच्या गाडीत बसवून दिलं. हे सगळं किळसवाणं होतंच, पण खरी शिसारी मला पुढे आली. त्या वर्षीच्या ताळेबंदात एक ओळ आली, की प्लँटमध्ये घडलेल्या किरकोळ घटनेचा कंपनीच्या आर्थिक स्थितीवर लक्षणीय परिणाम झालेला नाही. आणि तिच्या वरच्याच पानावर, व्यवस्थापन दरवर्षी आढावा घेते. ते पान वाचून मी राजीनामा लिहिला. दुसरी नोकरी हातात नव्हती, घरच्यांनी वेड्यात काढलं.

साहेबांना सांगायला त्यांच्या गावी, माकुणसारला गेले. पानवेलींच्या वाडीमागे त्यांचं घर. ते अंथरुणाला खिळले होते; फुप्फुसं गेली होती. काकू त्यांच्या पाठीला उशी लावत म्हणाल्या, "यांना वाडीच्या हवेतपण अजून त्या कंपनीचाच वास येते." मी मिश्राजींचं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य त्या घरात कुणी बोललं नाही. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "तीन नंबरचं काय केलं?"

"गॅसने कापून भंगारात दिला."

"कागदावर किती उरली होती?"

"अकरा वर्षं, साहेब."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. श्वास पुरत नव्हता, तरी सगळा गोळा करून म्हणाले, "शीऽऽ."

पंधरवड्यात ते गेले. आता मी दुसऱ्या कारखान्यात आहे. मार्चात नाकाला रुमाल लावून जिने चढते, ऑपरेटरला विचारते. खाली ऑफिसात नवी पोरं विचारतात, "मॅडम, धोरणं मागच्या वर्षीचीच टाकू ना?" तेव्हा माझं नाक आपोआप वर जातं. मरताना माणसाच्या तोंडी देवाचं नाव असावं म्हणतात. साहेबांच्या तोंडून मी शेवटचं ऐकलं ते हे 'शीऽऽ', आणि मला त्यात देवाच्या नावापेक्षा काही कमी वाटलं नाही.