कॅसेटमधली बाई

काल कपाट आवरताना जुना हेडफोन सापडला. त्याच्या स्पंजचा हातात भुगा झाला आणि त्या कुबट वासाने मला बाहरीनमधली एक दुपार आठवली.

नव्वदच्या दशकात आम्ही अदलियाला राहायचो. हे तुबलीच्या एका गॅरेजात सुपरवायझर होते. काही दिवसांपासून हे जेवण झालं की दार लावून कॅसेट ऐकत बसायचे. एका शुक्रवारी हे आंघोळीला गेले, तेव्हा मी हेडफोन कानाला लावला. एक बाई रडत रडत इंग्रजीत कुणाला तरी ‘जाऊ नकोस’ म्हणत होती.

हे बाहेर आल्याबरोबर मी विचारलं, “कोण ही?”

“सिरियलमधली. परग्रहावर अडकलीय.”

“कॅसेटवर कसली सिरियल?”

“फार जुनी आहे. टीव्हीवाल्यांनी तिच्या चित्रफिती पुसून टाकल्या. कुणीतरी घरी आवाज टेप केला होता, त्याच्या आता कॅसेट निघाल्यात. गॅरेजच्या साहेबांनी दिली.”

एवढी रचलेली थाप मी कधी ऐकली नव्हती. “मग दार कशाला लावता?”

हे खाली बघत म्हणाले, “साहेब माझ्या इंग्रजीला हसतात. कॅसेट ऐकून मी तसं बोलून बघतो.”

“दाखवा बोलून.”

ओल्या केसांनी उभं राहून ह्यांनी त्या बाईचं वाक्य अडखळत म्हटलं. मी तरीही ह्यांचा चेहराच निरखत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॅसेट साहेबाकडे परत गेली. तेव्हा मला हायसं वाटलं. ह्यांचं सगळं खरं होतं आणि बाहेर इंग्रजी बोलायची लाज वाटणाऱ्या माणसाला मी घरातही परीक्षेला उभं केलं होतं, हे कळायला फार वर्षं गेली.