कोंडाबाईच्या कोनाड्यातल्या मुठी

रेवणप्पा लाइनमन आजही भेटला की आधी आमच्या डीपीची तब्येत विचारतो, मग माझी. त्याची गोष्ट सांगतो.

लातूर जिल्हा नवा झाला, जळकोट रस्त्यावरच्या आमच्या गावच्या पाटीवर ताज्या रंगात 'जि. लातूर' आलं. पाण्याच्या मोटारींना वीज देणारी ट्रान्सफॉर्मरची डीपी मात्र जुनीच राहिली. दहा मोटारींच्या डीपीवर सतरा मोटारी, वर पिण्याच्या विहिरीची एक. दुष्काळात गावाला पिण्याचं पाणी देणारी तेवढीच विहीर उरलेली.

बदलून आलेल्या रेवणप्पानं डीपीची पेटी उघडली आणि हसायलाच लागला. फ्यूज सारखा जातो म्हणून लोकांनी आत करंगळीएवढी तार कोंबली होती.

"काका, फ्यूज जळतो म्हणून डीपी वाचते. तुम्ही फ्यूजलाच अमर केलाव की!"

त्यानं बारीक तार बांधली. मग पाळी लावली, रोज निम्म्याच मोटारी. पण पाळी पाळणार कोण? म्हणून त्यानं प्रत्येक मोटारीच्या फ्यूजच्या चिनीमातीच्या मुठी काढून घेतल्या. त्या नसल्या की मोटार मुकी. ठेवायच्या कुणाकडं, यावर पारावर मोठा कालवा झाला.

"ज्याला मोटारच न्हाई, त्याच्याकडं," रेवणप्पा म्हणाला.

म्हणजे कोंडाबाई. बौद्धवाड्यातली, घर विहिरीला लागून. ना शेत, ना मोटार; पण डीपी जळली तर पहिली घागर तिचीच कोरडी. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या कोनाड्यात तिनं मुठी मांडल्या, ज्याच्या-त्याच्या खुणेची चिंधी बांधून.

गावातले बडे बागायतदार अमृतराव, त्यांचा ऊस वाळत होता. "मी तिच्या दारात जाऊ?" म्हणाले, आणि मुठींच्या जागी थेट तारा जोडून मोटार चालू केली. ते बघून आणखी चौघांनी तेच केलं. दुपारी डीपीचा फ्यूज गेला. विहिरीची मोटार थांबली. घागरींच्या रांगेत अमृतरावांच्या पत्नी महानंदावहिनीही उभ्या.

रेवणप्पा सायकलवर आला. डीपीभोवती फिरला, तेल गळलंय का बघितलं. "वाचली," म्हणाला आणि सावलीला बसला.

"अरे बसलास काय? फ्यूज बांध की!" अमृतराव खेकसले.

"बांधतो, मालक. आधी सगळ्यांच्या तारा कोंडामायच्या हातात पडू द्या."

चौघांनी अमृतरावांकडं बघितलं. अमृतराव आभाळाकडं.

"जावा हो," महानंदावहिनी म्हणाल्या, "का घागरीत ऊस भरून नेऊ मी?"

अमृतराव गेले. मागून ते चौघं, आणि तमाशा बघायला आम्ही. कोंडाबाईनं तारा घेतल्या, बसायला पोतं टाकलं. अमृतराव बराच वेळ उभे राहिले, मग टेकले.

"माझ्या मुठी?"

"तुमची पाळी उद्या हाय, मालक. उद्या या."

तोवर तिकडं रेवणप्पानं फ्यूज बांधला होता. तेवढ्यात विहिरीवर मोटार गुरगुरली आणि बायकांचा गलका उठला.

दुसऱ्या दिवशी माझीही पाळी होती. मी गेलो तर अमृतराव आधीच पोत्यावर बसलेले, मुठी मांडीवर. उठायच्या आधी म्हणाले, "कोंडामाय, जरा पाणी दे."

तिनं तांब्या भरला. ते सगळा प्यायले. कितीदा तरी त्या बौद्धवाड्यावरून गेले असतील. पाणी मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

डीपी पाऊस पडेपर्यंत टिकली.