कोई शक नहीं, उस्ताद

पलटणीतून मी हवालदार म्हणून पेन्शनला आलो आणि २००४ साली अंबरनाथला एका सरकारी कारखान्याच्या सुरक्षा प्लाटूनमध्ये पुन्हा शिपाई म्हणून भरती झालो. आमच्यात असंच असतं. दंडावरच्या फिती उतरतात आणि माणूस नव्याने गेटवर उभा राहतो. घर कुळगावात, ड्यूटी ०६०० ते १४००. गाड्यांचे पास बघायचे, गाडीखाली आरसा फिरवायचा, रजिस्टर भरायचं. सतरा वर्षं डोंगरात काढलेल्या माणसाला हा आरामच होता, आणि तो आराम मला खायला उठायचा.

१४०० नंतर बराकीत रमीचा डाव बसायचा. मी त्यात पट्टीचा. घरी बायको म्हणायची, तुम्हाला नोकरी गेटावर दिलीय की पत्त्यांवर? माझा स्वभाव तापट आहे, आणि समोरचा बरोबर असला की जास्तच.

आमचे प्लाटून कमांडर सुभेदार राणे साहेब मालवणकडचे. पत्त्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. जून महिन्यात एका दुपारी त्यांनी सगळे पत्ते जप्त केले, आम्हाला रांगेत उभं केलं आणि कोरं रजिस्टर उघडलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘छंद’. रिकाम्या वेळात कोण काय करणार ते प्रत्येकाने आत्ता सांगायचं आणि उद्यापासून त्याची हजेरी लागणार, असा हुकूम झाला. कुणी बागकाम सांगितलं, कुणी व्हॉलीबॉल. एका प्रामाणिक माणसाने झोप सांगितली, त्याच्या नावापुढे साहेबांनी व्हॉलीबॉल लिहिलं. मला माती नको होती आणि चेंडूही नको होता.

“अभ्यास, साहेब,” मी म्हणालो.

“कसला?”

“दहावी राहिलीय.”

नववीनंतर मी शाळा सोडली होती हे खरं. पण माझा बेत वेगळा होता. पुस्तक मांडीवर ठेवायचं आणि भिंतीला टेकून डुलकी काढायची. साहेब मात्र हसले नाहीत. आठ दिवसांत त्यांनी बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म आणून माझ्या हातात दिला, आणि वर्गाचा पत्ताही दिला. आता माघार नव्हती.

वर्ग उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये. आठवड्यातून तीन दिवस, १८३० ते २०००. शिकवायला गायकवाड बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढरी साडी, आवाज बारीक पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. त्यांच्या वडिलांनी मोठेपणी अक्षरं गिरवली होती, म्हणून मोठ्या माणसांना शिकवायची त्यांना हौस. आम्ही चौदा जण होतो. कुणी वर्कशॉपमधला फिटर, कुणी दुकानातला नोकर. माझ्या शेजारी जया भाभी बसायच्या. सिंधी, पन्नाशीच्या, घरी पापडाचा धंदा. त्या दर दहा मिनिटांनी बाईंना थांबवायच्या. “बाई, मेरे को नाही समजला. परत सांगा ना.” मला त्यांचा राग यायचा. एकदा सांगितलेलं कळू नये म्हणजे काय?

तासाच्या शेवटी बाई प्रत्येकाला विचारायच्या, काही शंका? माझा नंबर आला की मी ताडकन उभा राहायचो, टाचा जुळवायचो आणि म्हणायचो, “नो डाउट, मॅडम!” वर्ग हसायचा.

नागरी वाचकांसाठी हे सांगायला हवं. फौजेत कुठलीही ब्रीफिंग संपली की सांगणारा विचारतो, “कोई शक?” आणि ऐकणारे एका सुरात म्हणतात, “कोई शक नहीं.” रंगरूट असताना पहिल्याच आठवड्यात हे अंगात भिनतं. शक आहे म्हणणारा मंद ठरतो, सगळ्यांची जेवणाची वेळ लांबवणारा ठरतो. म्हणून कळलं तरी शक नसतो, आणि नाही कळलं तरी नसतो.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. बीजगणितात मला पंचाहत्तरपैकी नऊ मिळाले. जया भाभींना एक्केचाळीस. बाईंनी वर्ग सुटल्यावर मला थांबवलं.

“सात महिने तुम्हाला एकही शंका नव्हती ना?” त्या म्हणाल्या.

“नव्हती, मॅडम.”

“मग हे नऊ कुणाचे?”

सायकलवरून परत येताना मला बाई आठवत नव्हत्या. मला दत्तू आठवत होता.

लान्स नायक दत्ताराम पवार. साताऱ्याकडचा, वय चोवीस. काश्मीरमध्ये एका पोस्टवर तो माझ्या सेक्शनमध्ये होता. तिथे बर्फ आणि रिकामा वेळ, दोन्ही मुबलक. दत्तूला नकाशा नीट वाचता येत नव्हता आणि शिकायची फार इच्छा होती. “उस्ताद, दुपारी तासभर नकाशा शिकवाल का?” तो दोनदा विचारायला आला. दोन्ही वेळा माझ्या हातात पत्ते होते. दोन्ही वेळा मी म्हणालो, उद्या बघू.

मग एका सकाळी ०५३० ला चौघांची गस्त पुढच्या ठाण्याकडे निघाली. पुढे दत्तू. मी नकाशा पसरून रस्ता समजावला. दोन नाले फुटतात तिथून डावा घ्यायचा. उजवा सीमेपलीकडच्या पोस्टच्या माऱ्यात आहे. नकाशा त्याच्या हातात दिला तेव्हा त्याने तो उलटा धरला आणि पटकन सुलटा केला. मी ते पाहिलं. त्याचे डोळेही पाहिले.

“कोई शक?”

“कोई शक नहीं, उस्ताद.”

मी थर्मास उघडला आणि चहा ओतला. ०७१० ला वायरलेस सेटवर आमच्याच वरच्या पोस्टचा आवाज आला.

“उजव्या नाल्यात हालचाल. कोण आहे? ओव्हर.”

“आपलेच आहेत. मागे बोलवतो. ओव्हर.”

बोलवायला वेळ मिळाला नाही. चौघे गेले होते, तिघे परत आले, दत्तूशिवाय. चौकशीत मी खरं तेच सांगितलं. रस्ता समजावला होता, शक विचारला होता, शक नव्हता. कुणी मला दोष दिला नाही. मी मात्र स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि पत्तेही सोडले नाहीत. हातात काही नसलं की दत्तू समोर येऊन बसायचा. मला त्याची भीती वाटायची.

पुढच्या तासाला बाईंनी नवा नियम काढला, फक्त माझ्यासाठी. “रोज एक शंका आणायची. शंका नसेल तर तुमची गैरहजेरी लागेल, आणि राणे साहेबांना तसं कळेल.” हा हुकूम होता. हुकूम मला समजतो. मी उभा राहिलो. टाचा जुळल्या, पण ‘नो डाउट’ म्हणायची सोय नव्हती.

“मॅडम, हा एक्स म्हणजे कोण?”

सात महिन्यांनी हा प्रश्न. मला वाटलं आता छप्पर उडेल. कुणी हसलं नाही. जया भाभी हळूच म्हणाल्या, “फौजीभाई, हेच मला पण विचारायचं होतं. शरम वाटली.” दर दहा मिनिटांनी विचारणाऱ्या भाभी मला धीर द्यायला खोटं बोलल्या.

बाई फळ्याजवळ थांबल्या. माझ्या ओळखीचं काहीतरी शोधत होत्या. “तुमच्याकडे सकाळी गस्त निघते ना? किती जण परत येतील, हे निघताना माहीत असतं?”

“नाही.”

“मग ते कळेपर्यंत त्या आकड्याला एक्स म्हणायचं. बस, एवढंच.”

बाईंना दत्तूची काही कल्पना नव्हती. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि नळापाशी उभा राहून रडलो. पाच-सहा मिनिटं. मग तोंड धुतलं, आत आलो आणि वहीत लिहिलं. चार वजा एक्स बरोबर एक. एक्स बरोबर तीन. कुणाचं न बघता मी सोडवलेलं ते पहिलं समीकरण.

त्यानंतर मी रोज एक शंका नेली. फेब्रुवारीत रोज दोन-तीन नेऊ लागलो, तेव्हा बाई कपाळाला हात लावायच्या. मार्चमध्ये परीक्षा दिली, जूनमध्ये पास झालो. जया भाभीही झाल्या. त्यांनी अख्ख्या वर्गाला पापड वाटले आणि राणे साहेबांसाठी वेगळी पिशवी दिली. साहेबांनी छंदाच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लाल शाईने ‘पास’ लिहिलं, आणि खाली ‘चालू ठेवा’. मी बारावीचं पुस्तक आणलं.

पुढच्या वर्षी माझ्याकडे सकाळच्या गार्डची जबाबदारी आली. एका सोमवारी ट्रकांच्या येण्याजाण्याचा नवा हुकूम होता. दोन गेट, दोन रंगांचे पास, थोडा किचकट. मी तो वाचून दाखवला.

“कोई शक?”

“कोई शक नहीं!”

सहा जण एका सुरात. कडेला जाधव उभा होता. आठच दिवसांपूर्वी आलेला, चाळिशीचा, माझ्यासारखाच पेन्शनर. त्याचे डोळे मी पाहिले. ते डोळे मी ओळखत होतो.

“जाधव, काय कळलं ते सांग.”

त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं.

“कळलं नाही म्हणालास तरी चालेल.”

“नाही कळलं, उस्ताद,” तो म्हणाला. मग आणखी दोघांनी माना हलवल्या.

मी खडू घेतला, फरशीवर दोन गेट काढले आणि सगळ्यांना खाली बसवलं. गार्ड ०६०० ऐवजी ०६१३ ला उभा राहिला. रजिस्टरमध्ये उशिराची नोंद केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘शंका’.

दुपारी राणे साहेबांनी रजिस्टर मागवलं. नोकरीत त्यांना एक मिनिटाचा उशीर खपत नसे.

“तेरा मिनिटं. शंका कोणाची?”

जाधवचं नाव सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि सावधान होऊन म्हणालो, “लान्स नायक दत्ताराम पवार, साहेब.”

आमच्या प्लाटूनच्या यादीत हे नाव नव्हतं. यादी साहेबांना तोंडपाठ होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उशिराच्या नोंदीखाली सही केली.